टायरांचा तुलनात्मक तक्ता

घनश्यामराव गावंडे यांनी आयुष्यात एकच आश्वासन बेसावधपणे दिलं, आणि तेही आमरसाची वाटी तोंडाला लावलेली असताना. बायकोनं विचारलं, "मंग गाडी मले केव्हा देता?" आणि हे वाटीतूनच म्हणाले, "नवे टायर बसू दे. टायर बसले की गाडी तुझी."

खरं तर त्यांच्या लेखी ते आश्वासन नव्हतंच, ती मुदतवाढ होती. यवतमाळच्या एका सरकारी कचेरीत पंधरा वर्षं ते खरेदीच्या टेबलावर बसले होते. 'बघू', 'सादर करा' आणि 'पुढच्या आठवड्यात या' या तीन शब्दांवर (शब्द सहा होतात, पण कचेरीत असं मोजत नाहीत) त्यांनी भल्याभल्यांना परत पाठवलं होतं. बायको परत पाठवता येत नाही, हे त्यांच्या उशिरा ध्यानात आलं.

बायको निशिगंधाबाई शिक्षिका. त्यांची शाळा कळंबच्या पुढं, फाट्यावरून आत. सोळा वर्षं त्या कळंबपर्यंत एस.टी.नं आणि तिथून पुढं काळी-पिवळीत गुडघे हनुवटीला लावून जात होत्या. या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या गाडी शिकल्या आणि लायसनची परीक्षा पहिल्याच फटक्यात पास झाल्या. घनश्यामराव त्यांच्या काळी तिसऱ्या फटक्यात पास झाले होते, पण घरात हा विषय कोणी काढत नसे. आता बाईंचं म्हणणं इतकंच होतं, की जूनच्या शेवटी शाळा उघडेल त्या दिवशी आपण आपल्या गाडीनं शाळेच्या फाटकातून आत जायचं. सोळा वर्षांत त्यांनी नवऱ्याजवळ दुसरं काही मागितलं नव्हतं. (मागितलं होतं, पण ते 'सादर' अवस्थेत होतं.)

गाडी म्हणजे दहा वर्षांची पांढरी हॅचबॅक. रोज चार किलोमीटर कचेरी, चार किलोमीटर परत, रविवारी आंघोळ, रोज संध्याकाळी अंगावर कव्हर. घनश्यामराव तिला तिसऱ्या गिअरच्या वर सहसा नेत नसत, तिला दम लागेल म्हणून. अशी गाडी काळ्या-पिवळ्या, ऊसतोडीच्या ट्रॉल्या आणि बकऱ्या यांच्यातून रोज कळंबच्या पुढं जाणार, या कल्पनेनंच त्यांना अपचन होई. पण टायर गुळगुळीत झाले होते हेही खरं. तेव्हा टायर घ्यायचे, पण सावकाश घ्यायचे, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

लोहाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर विठ्ठलरावांचं टायरचं दुकान आहे. विठ्ठलरावांनी दोन टायर भिंतीला टेकवून ठेवले.

"साहेब, हे दोनयी समर टूरिंग हायेत. रोजच्या चालवण्याले दोनयी एक नंबर. हा सिल्कोमा, बिलकुल आवाज करत नाही. हा ग्रिपोरा, वल्ल्या रस्त्यावर पकड सोडत नाही. भाव सारखाच. डोये मिटून कोनताबी घ्या."

डोळे मिटून घ्या, असं खरेदीच्या टेबलावरच्या माणसाला कधी म्हणू नये. घनश्यामरावांनी खिशातून डायरी काढली.

"टूरिंग म्हणता, पण मले दौरा नाही. दौरा साहेबांले असते. माह्या ग्रेडमध्ये टूरिंग टायर बसते का?"

विठ्ठलरावांनी पंचवीस वर्षांत गाडीचा नंबर, वर्ष, मॉडेल सगळं ऐकलं होतं, मालकाची वेतनश्रेणी पहिल्यांदाच ऐकली. "बसते," ते म्हणाले.

"आणि समर? यवतमाळले आठ महिने उन्हाळा असते, ते मान्य. पण उरलेल्या चार महिन्यांचं काय?"

"तेच चालवाचे साहेब. आपल्या इकडं बरफ पडत नाही."

त्या दिवशी घनश्यामरावांनी घरी येऊन तुलनात्मक तक्ता आखला. डावीकडे सिल्कोमा, उजवीकडे ग्रिपोरा, मध्ये रकाने: आवाज, धक्का, पकड, झीज, शेरा. मग आठवड्यातून तीनदा ते दुकानात जाऊ लागले. टायर अंगठ्यानं दाबून बघत, बाजारात खरबूज बघतात तसं वास घेऊन बघत, खाचा मोजत आणि मोजलेल्या पुन्हा तपासत. विठ्ठलराव त्यांना लांबून पाहिलं की कोणाला तरी फोन लावून बोलत बसत.

"शाळा उघडाले अठरा दिवस राह्यले," निशिगंधाबाई पोळी वाढताना म्हणाल्या.

"सिल्कोमा मऊ आहे. पण ग्रिपोराची खाच खोल आहे."

"मी टायरच्या खाचा नाही इचारल्या."

अखेर घनश्यामरावांनी तोडगा काढला. दोन टायर एका कंपनीचे आणि दोन दुसऱ्या कंपनीचे लावायचे, आठ दिवस चालवायचे, जे नापास होतील ते परत करून पास झालेल्यांची जोडी घ्यायची. विठ्ठलराव या माणसाला दुकानाबाहेर काढण्यासाठी चारही फुकट द्यायला तयार झाले असते, ते लगेच हो म्हणाले. पुढं एक जोडी आणि मागं एक जोडी लावायला त्यांनी जॅकही घेतला.

"असं नाही," घनश्यामराव म्हणाले. "पुढं इंजिनचं वजन, मागं माणसांचं. तुलना समान परिस्थितीत झाली पाहिजे. डाव्या अंगाला दोन्ही सिल्कोमा, उजव्या अंगाला दोन्ही ग्रिपोरा."

विठ्ठलरावांचा जॅक हातातच राहिला. "साहेब, एका एक्सलवर दोन वाणाचे टायर लावत नसतेत. गाडी एका अंगाले ओढते."

"जबाबदारी माझी."

"लिहून द्या."

इथं खरं म्हणजे घनश्यामरावांनी घरी यायला हवं होतं. 'माझ्या जबाबदारीवर' हे शब्द त्यांनी पंधरा वर्षांत एकाही कागदावर लिहिले नव्हते, दुसऱ्यांकडून मात्र गठ्ठ्यांनी लिहून घेतले होते. पण तुलनेचा मोह वाईट. त्यांनी जुन्या पावतीच्या पाठीवर लिहून दिलं आणि खाली तारखेसह सही ठोकली.

यंदा धोंड्याचा महिना होता. रविवारी सासुरवाडीचं जेवणाचं बोलावणं होतं, आणि जेवून सगळ्यांनी कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला जायचं ठरलं होतं. सासुरवाडी कळंबच्या अलीकडे, डांबरी सडक सोडली की शेतांमधल्या पांदणीनं आत. घनश्यामरावांना ही चाचणीसाठी उत्तम संधी वाटली. सरकारी खरेदीला समिती लागते, आणि सासू-सासरे आयतेच मागच्या सीटवर बसणार होते.

जाताना निशिगंधाबाई म्हणाल्या, "गाडी उजवीकडं ओढून राह्यली ना हो?"

"रस्त्याला उतार आहे," घनश्यामराव दोन्ही हातांनी स्टिअरिंग डावीकडं धरून म्हणाले. तो उतार यवतमाळपासून सासुरवाडीपर्यंत सलग लागला.

सासरे नानाजी अंगणात वाटच पाहत होते. घनश्यामरावांनी उतरल्या उतरल्या त्यांना समितीचे अध्यक्ष नेमलं, सासूबाई वच्छलाबाईंना सदस्य, आणि दोघांना मागं बसवून गावाभोवती एक चक्कर मारून आणली. नानाजी डावीकडे, सिल्कोमावर. वच्छलाबाई उजवीकडे, ग्रिपोरावर.

"समर टायर म्हंजे उन्हाळी का, जवाईबापू?" नानाजींनी विचारलं.

"होय मामाजी."

"मंग पेरणीच्या टायमाले कोनते लावता?"

"ते नंतर बघू. तुम्हाले तुमच्या बाजूनं आवाज येऊन राह्यला का, ते सांगा."

नानाजींनी मान तिरपी करून ऐकलं. "बिलकुल नाही. लोण्यावर चालल्यावानी वाटते."

घनश्यामरावांनी आनंदानं गाडी थांबवली आणि सिल्कोमाला आवाजाच्या रकान्यात दहापैकी दहा गुण देऊन टाकले. उजवीकडून वच्छलाबाई म्हणाल्या, "जवाईबापू, मायी बाजू तं घरघर करून राह्यली. पण एक सांगू का? त्याईच्या डाव्या कानानं त्याईले कुकरची शिट्टी आइकू येत नाही. टायर कुठून आइकू येईन."

मग दोघांच्या जागा बदलून पुन्हा चक्कर मारली. आता नानाजींचा चांगला कान खिडकीकडे आला तर त्यांना दोन्ही टायरांसकट पंप, भोंगा आणि शेजारच्या गावातला लाऊडस्पीकरही ऐकू येऊ लागला. वच्छलाबाईंना डावा टायर आवडला, पण नानाजींच्या टायरला नावं ठेवू नये म्हणून त्या उजवाही बरा म्हणाल्या. घनश्यामरावांनी दहा गुण खोडले आणि 'समितीत एकमत नाही' असा शेरा मारला.

जेवण जोरदार झालं. जावयाला पाटावर बसवून ओवाळलं, डोक्यावर टोपी ठेवली, नवा पांढराशुभ्र सदरा-पायजमा दिला आणि लगेच घालायलाही लावला. ताटात पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार. वच्छलाबाई म्हणाल्या, "या महिन्यात जावाई म्हंजे नारायण. नारायणाले नाही म्हणू नये." हे वाक्य त्यांनी सहाव्या धोंड्याला उद्देशून म्हटलं होतं. घनश्यामरावांनी ते टायरसाठी राखून ठेवलं.

कारण पकडीचा रकाना अजून कोरा होता. ग्रिपोरा ओल्या रस्त्यावर पकड सोडत नाही म्हणे, पण पाऊस नव्हता, चव्वेचाळीसचं ऊन होतं. घनश्यामरावांनी घरामागच्या शेतातल्या बोअरकडे पाहिलं, शेजारी पडलेल्या स्प्रिंकलरच्या पाइपाकडे पाहिलं आणि शेतात जाणाऱ्या मुरुमाच्या वाटेकडे पाहिलं.

"मामाजी, ही वाट पन्नास फूट ओली करून देता का?"

नानाजींच्या हातातली सुपारी तशीच राहिली. जून महिन्यात बोअरचं पाणी रस्त्यावर सोडायचं, हे वाक्य त्यांच्या साठ वर्षांच्या शेतीत कोणी उच्चारलं नव्हतं. "जवाईबापू, मुरूम आहे तो वरवरचा. आजूबाजूले काळी माती आहे. वल्ली झाली का हत्ती गिळते."

"मी बाजूला जाणारच नाही ना. सरळ येणार, ब्रेक मारणार, थांबणार."

नानाजींनी बायकोकडे पाहिलं. वच्छलाबाईंनी, नारायण आहे, काय करता, अशा अर्थी हात हलवला. नानाजी उठले आणि पंपाचं बटन दाबायला गेले. त्यांचा चेहरा घरची गाय कोणाला देऊन टाकताना होतो तसा झाला होता.

निशिगंधाबाई बांधावर उभ्या होत्या. "अहो, दोन्हीकडचे टायर वेगळे आहेत. एक धरीन, एक सुटीन. मंग गाडी कुठं जाईन?"

"तेच तर पाहायचं आहे," घनश्यामराव म्हणाले. (यात त्यांचं काही चुकलं नाही. पाहायला मिळालंच.)

अर्धा तास पाणी पडलं. नानाजी पंपावर, वच्छलाबाई पदर डोक्यावर घेऊन बांधावर, शेजारच्या शेतातला डोमाजीही बैल झाडाखाली बांधून पाहायला आला. घनश्यामराव नव्या पांढऱ्या कपड्यात गाडीत बसले, तक्ता डॅशबोर्डवर ठेवला, लांबून वेगात आले आणि ठरल्या जागी त्यांनी ब्रेक दाबला.

उजव्या ग्रिपोरानं धरलं. डावा सिल्कोमा बिलकुल आवाज न करता घसरला. दोघांनीही दुकानदारानं सांगितलेला आपापला गुण चोख दाखवला. गाडी जागच्या जागी उजवीकडं वळली, मुरुमावरून उतरली आणि ओल्या काळ्या मातीत नाक खुपसून थांबली. दोन पुढची चाकं दिसेनाशी झाली. घनश्यामरावांनी घाबरून ॲक्सिलरेटर दाबला, तेव्हा उरलेसुरले टायरही दिसेनासे झाले.

नानाजी पंपावरून धावत आले. मग डोमाजी नानाजींना म्हणाला, "जुवाले एका अंगाले गोऱ्हा न दुसऱ्या अंगाले बुढा बैल जुपला, तं गाडी वाट सोडून धुऱ्यावरच जाते."

"हे लहान पोराले समजते," नानाजी म्हणाले, आणि मग ऐकणारा नारायण आहे हे आठवून खोकले.

घनश्यामराव उतरले तर पोटरीपर्यंत आत गेले. निशिगंधाबाईंनी मात्र चपला बांधावर काढल्या, साडी खोचली आणि गाडीभोवती एक चक्कर मारून पाहिलं. सुट्टीत शिकवणाऱ्या मास्तरनं असल्या प्रसंगाचं काही सांगितलं नव्हतं, पण त्या काळ्या मातीतच वाढल्या होत्या. "बाबा, पऱ्हाट्या आणा," त्या म्हणाल्या. बांधावर कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचा ढीग होता. डोमाजीनं आणि नानाजींनी मोळ्या आणून चारही चाकांच्या मागं दाबून भरल्या.

"आता मी बसते," बाई म्हणाल्या. "रिव्हर्समध्ये काढाची आहे. तुमी समोरून ढकला."

घनश्यामरावांनी तोंड उघडलं. गाडी त्यांची, स्टिअरिंग त्यांचं, दहा वर्षांत त्यांनी त्या सीटवर दुसऱ्या कोणाला गादी झटकण्यापुरतंही बसू दिलं नव्हतं. पण चिखलातला माणूस फार वाद घालू शकत नाही. ते गपचूप समोर गेले आणि बॉनेटच्या मधोमध हात टेकवून उभे राहिले.

गाडीचं इंजिन पुढं, जोर पुढच्या चाकांना. रिव्हर्समध्ये ती चाकं फिरली की चिखल समोर उडतो. हे समोर उभ्या असलेल्या माणसाला आधी कळायला हवं होतं, पण तक्त्यात तसा रकाना नव्हता. डावीकडून सिल्कोमानं चिखल मारला, उजवीकडून ग्रिपोरानं. दोन्ही टायरांनी त्यांच्यात काही डावं-उजवं केलं नाही. सदरा गेला, टोपी गेली, चष्म्याच्या दोन्ही काचा एकाच वेळी बंद झाल्या, आणि त्या अंधारात त्यांना फक्त गाडी हातापासून लांब जात असल्याचं जाणवलं.

निशिगंधाबाईंनी ती घाई न करता, क्लच धरत-सोडत, पऱ्हाट्यांवरून मुरुमावर घेतली. तिथं न थांबता तशीच मागं मागं पांदणीनं कोरड्यापर्यंत नेली आणि चिंचेच्या सावलीत नीट लावली. वच्छलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या पोरीला गाडी चालवताना त्यांनी पहिल्यांदा पाहिलं होतं, आणि त्या नवऱ्याला दोनदा म्हणाल्या, "पाह्यलं का, मायी पोरगी पाह्यली का."

मग घनश्यामरावांवर उरलेल्या पाण्याचा स्प्रिंकलर सोडण्यात आला. नानाजींचा जुना पायजमा त्यांना घोट्याच्या एक वीत वर बसला. त्याच वेषात ते कळंबला निघाले, मागच्या सीटवर, सासू आणि सासऱ्यांच्या मध्ये, खाली पोतं अंथरून. गाडी बाई चालवत होत्या. अजूनही ती उजवीकडं ओढत होती, पण बाई तिला उताराचं नाव न सांगता सरळ ठेवत होत्या. नानाजींना डॅशबोर्डवरचा तक्ता दिसला. "अध्यक्षाचा शेरा राह्यला ना?" असं म्हणून त्यांनी पेन मागून घेतलं आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: 'टायर दोन्ही चांगले. डायवर बदलावा.'

दर्शन झालं. घनश्यामरावांनी चिंतामणीपुढं हात जोडले, पण काय मागावं ते त्यांना सुचेना. किल्ली परत मागावी तर ती बायकोच्या पर्समध्ये होती आणि पर्स बायकोच्या खांद्यावर. नवल म्हणजे त्यांना फारसं वाईटही वाटत नव्हतं. परतताना निशिगंधा आरशातून आईशी बोलत, हसत गाडी चालवत होती, आणि इतकी खूश ती शेवटची केव्हा दिसली होती हे त्यांना आठवेना. बहुधा परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाली त्या दिवशी. त्या दिवशी ते टायर बघायला गेले होते.

सोमवारी गाडी विठ्ठलरावांच्या दुकानासमोर थांबली. विठ्ठलराव फोन कानाला लावणारच होते, पण चालकाच्या बाजूनं बाई उतरल्या.

"भाऊ, शाळा उघडाची आहे. रोज कळंबच्या पुढं जाणं-येणं. चारही टायर एका कंपनीचे पाहिजेत. कोनते चारही आत्ता दुकानात आहेत?"

"सिल्कोमा," विठ्ठलराव म्हणाले.

"तेच लावा."

एवढ्यात घनश्यामराव तक्ता घेऊन पुढं आले. "अहो, पण ग्रिपोरा? त्याचा विचार—"

"ग्रिपोराचे दोनच होते, साहेब. ते तुमच्याच गाडीले लावले. कंपनीनं हा साइज बंद केला, दिवाळीच्या आधीपासून."

घनश्यामरावांनी तक्त्याकडे पाहिलं. सात पानं झाली होती, परिशिष्टासह. "मंग हे मले सांगितलं काहून नाही?"

"तुमी आवाज इचारला, पकड इचारली, खाच इचारली, ग्रेड इचारला," विठ्ठलराव शांतपणे म्हणाले. "आहेत का, हे तुमी इचारलंच नाही."

पाऊण तासात चारही सिल्कोमा बसले. शाळा उघडली, आणि निशिगंधाबाई त्या दिवशी आपल्या गाडीनं फाटकातून आत गेल्या. पोरांनी गाडीमागं धावत टाळ्या वाजवल्या म्हणे. आता रोज सकाळी त्या घनश्यामरावांना वाटेत कचेरीपाशी उतरवतात आणि पुढं जातात. घनश्यामराव डावीकडच्या सीटवर बसतात, बेल्ट बांधून, डबा मांडीवर घेऊन. तसं सगळं छान चाललं आहे.

फक्त पंधरा दिवसांनी निशिगंधाबाई पुन्हा विठ्ठलरावांच्या दुकानापाशी थांबल्या. "भाऊ, डावीकडून आवाज येऊन राह्यला."

विठ्ठलरावांनी डावं चाक जॅकवर घेतलं. फिरवून पाहिलं, खाचांत खडा नाही, खिळा नाही. बेअरिंगला कान लावला, काही नाही. "केव्हा येते आवाज?"

"ब्रेक दाबाच्या थोडा आधी येते. गिअर टाकाच्या आधी येते. ट्रक दिसला का मोठा होते. घरून निघाली का सुरू होते न कचेरीपाशी बंद होते. पुढं कळंबपर्यंत गाडी एकदम शांत."

विठ्ठलराव कपाळाला आठ्या घालून उकिडवे बसले. असा रोग त्यांनी पाहिला नव्हता. तेवढ्यात डावीकडची काच खाली झाली आणि घनश्यामरावांनी डोकं बाहेर काढलं.

"अगं, हँडब्रेक ओढला ना? आधी हँडब्रेक ओढायचा, मग उतरायचं, किती वेळा—"

"आइकलं, भाऊ?" निशिगंधाबाई म्हणाल्या. "हाच."